निवृत्तीची तयारी उशिरा सुरू करताय? कुठल्याही ‘स्कीम’वर सही करण्याआधी हे टप्पे पार पाडा

पंचेचाळिशी-पन्नाशी आली, मुलांची शिक्षणं मार्गी लागली किंवा लागत आली, आणि आता एकदम जाणवलं की म्हातारपणासाठी आपण फार काही बाजूला काढलेलं नाही. इंदुरातल्या अशा मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे.

आपल्याकडे मागच्या पिढीत घरटी एक पेन्शन होती. कोणी राज्य सरकारात, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना ती जुनी पेन्शन उरली नाही, आणि पिथमपूरचे कारखाने, खाजगी शाळा, कोचिंग क्लास, दुकानं इथे तर ती कधी नव्हतीच. त्यामुळे आपली पुंजी आपण कशी उभी करायची, हे घरात कोणी शिकवलंच नाही. यजमान पिथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा पीएफपासून पोस्टापर्यंत सगळी कागदपत्रं मी हाताळली. तेव्हापासून राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या ओळखीच्या घरांतून विचारणा होत असते. प्रश्न बहुतेक एकच असतो: “वहिनी, लवकर वाढेल असं काही आहे का?”

राहून गेलेली वर्षं दोन-चार वर्षांत भरून काढणारा उपाय नाही, हे आधीच सांगते. तो आहे असं जो सांगतो, त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. पण हळू चालणारा रस्ता आहे आणि उशिरा निघालेल्यालाही तो बराच लांब नेतो. तो असा.

१. कागद एका जागी आणा आणि नावं जुळवा

एक फाइल करा. तिच्यात हे हवं:

- पॅन आणि आधार (आधारला सध्या वापरात असलेला मोबाइल नंबर जोडलेला असावा)
- बँकेचं पासबुक, एक रद्द केलेला चेक
- पीएफचा यूएएन (सगळ्या नोकऱ्यांची पीएफ खाती जोडणारा कायमचा नंबर) आणि आजवरच्या प्रत्येक नोकरीत लागल्याची व सोडल्याची पत्रं
- विमा पॉलिसींचे मूळ बाँड, शेवटच्या हप्त्याच्या पावत्या
- पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं), एनएससी (पोस्टाची बचत पत्रं), एफडी यांची पासबुकं किंवा पावत्या
- म्युच्युअल फंड असतील तर पॅनवर मिळणारं एकत्रित स्टेटमेंट
- घराची रजिस्ट्री, गृहकर्ज चालू असेल तर बाकी रकमेचं पत्र

आपल्या लोकांचं घोडं हमखास अडतं ते नावापाशी. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिपेडी लिहितो. इथल्या बऱ्याच कागदांवर मात्र मधलं नाव गळलेलं असतं. बायकांच्या बाबतीत पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि पीएफला कारखान्याच्या बाबूने हिंदी उच्चारावरून लिहिलेलं तिसरंच काहीतरी. नोकरी चालू असताना हे दुरुस्त होतं, कारण मालकाकडून मंजुरी मिळते. कंपनी बंद पडल्यावर हेच काम महिनोन्महिने रखडतं. म्हणून पैसे कुठे गुंतवायचे याच्या आधी हे करा.

जुन्या नोकरीतला पीएफ काढून खाऊ नका, चालू खात्यात वळवून घ्या. सासू-सासऱ्यांची किंवा आई-वडिलांची जुनी खाती विस्मरणात गेली असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर बेवारस ठेवींचा शोध घेता येतो.

२. खर्चाचा खरा आकडा काढा

तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन बसा. किराणा, वीज, औषधं, पेट्रोल, मोलकरीण, लग्नकार्यातले आहेर, वर्षातून एकदा पुण्या-मुंबईला जाणं, सगळं मोजा. मुलांची फी आणि गृहकर्जाचा हप्ता वेगळा काढा, कारण ते पुढे राहणार नाहीत. औषधपाणी मात्र वाढणार.

समजा आज ४५ वर्षांचे आहात आणि निवृत्तीनंतर लागेल असा खर्च आजच्या भावाने महिना ४०,००० रुपये आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर साठाव्या वर्षी त्याच राहणीला साधारण ९६,००० रुपये लागतील. म्हणजे वर्षाला साडेअकरा लाख. ढोबळ हिशोबाने वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी लागते, म्हणजे सुमारे २ कोटी ८८ लाख.

पीएफवाल्यांना वाटतं की पेन्शन मिळेलच. ती किती, हेही मांडून बघा. पीएफबरोबर मिळणाऱ्या पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. बहुतेकांच्या बाबतीत हा पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. तीस वर्षं नोकरी केलेल्याला यातून महिना साडेसहा-सात हजार रुपये मिळतात. मिळतात हे चांगलंच, पण घर त्यावर चालत नाही.

३. आकडा बघून धस्स झालं असेल, तर त्या महिन्यात कशावरही सही करू नका

हा टप्पा सोडू नका. पावणेतीन-तीन कोटींचा आकडा बघितला की पोटात गोळा येतो. नेमक्या त्याच दिवसांत माणूस शेजाऱ्याने सांगितलेल्या ‘महिना तीन टक्क्यां’ना भुलतो, नाहीतर पीएफ काढून प्लॉट घेतो. माणसं लोभाने फसतात असं सगळे म्हणतात. मी पाहिलेली बहुतेक माणसं भीतीने फसली. त्यांना श्रीमंत व्हायचं नव्हतं, मुलांच्या दारात हात पसरायचा नव्हता एवढंच.

म्हणून आधी तो आकडा तुकड्यांत मोडा. वरच्याच माणसाचं उदाहरण घ्या. त्याच्या पीएफमध्ये आज १५ लाख आहेत. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये पीएफला ८.२५ टक्के व्याज होतं. ते तसंच राहिलं तर पंधरा वर्षांत त्या १५ लाखांचे सुमारे ४९ लाख होतात. पगारातून दरमहा ८,००० रुपये पीएफमध्ये जात राहिले तर आणखी २६-२७ लाख. त्याच्या जोडीला त्याने महिना २०,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेला हप्ता) सुरू केली आणि सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर साधारण ८३ लाख. आणि तीच एसआयपी दर वर्षी पगारवाढीबरोबर १० टक्क्यांनी वाढवत नेली, तर तेवढ्याच परताव्यात जवळपास १ कोटी ४८ लाख.

बेरीज सव्वादोन कोटींच्या आसपास जाते. राहिलेला फरक दोन वर्षं जास्त काम करून, खर्च थोडा आवरून, किंवा मुलं बाहेर गेल्यावर घराचा वरचा मजला भाड्याने देऊन भरून काढता येतो. यात चमत्कार कुठेही नाही. जास्त परतावा मिळवल्याने नव्हे, तर दर वर्षी थोडी जास्त रक्कम टाकल्याने ८३ लाखांचे १४८ लाख झाले, हे नीट बघा. बाजार काय देईल ते आपल्या हातात नाही. हप्ता वाढवणं हातात आहे.

४. झटपट उपाय दारात येतात ते कसे दिसतात

*टिप्स देणारा फोन.* शेअर बाजाराच्या टिप्स विकणाऱ्या कंपन्यांसाठी आपलं शहर देशभर नको तितकं गाजलं आहे. विजय नगरकडच्या कॉल सेंटरांमधून देशभर फोन जायचे, आणि गेल्या दशकात सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, इथल्या बऱ्याच सल्लागार कंपन्यांवर आदेश काढून कारवाई केली. आपल्याच ओळखीतल्या कोणाचा तरी मुलगा-मुलगी तिथे पगारावर काम करून आलेले असतात. त्यांना विचारा, ते सांगतील: फोनवर बोलणाऱ्याला बाजारातलं काही ठाऊक असावं लागत नाही, महिन्याचं टार्गेट ठाऊक असावं लागतं. सुरुवात पाच-दहा हजारांच्या ‘ट्रायल’ने होते. एखादी टिप लागते. मग मोठं पॅकेज, मग त्याहून मोठं. आता फोनची जागा व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपांनी घेतली आहे. तिथे खोटं अॅप उतरवायला लावतात, पडद्यावर नफा वाढताना दिसतो आणि पैसे काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. पैसे काढण्यासाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. तुमचे आधीचे पैसे गेलेलेच असतात, निदान पुढचे वाचतील.

*फ्युचर्स-ऑप्शन्स.* म्हणजे शेअरचा भाव पुढे काय होईल यावर लावलेले सौदे. हा कायदेशीर बाजार आहे, म्हणून लोकांना सुरक्षित वाटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तो सरासरी माणशी २ लाखांच्या घरात होता. दुपारी घरबसल्या ‘रोजचे हजार-दोन हजार’ काढून देणारा क्लास कोणी सांगत असेल, तर हा आकडा समोर ठेवा. निवृत्तीच्या पैशाने हे करू नये, एवढं माझं ठाम मत आहे.

*महिन्याला ठरलेले टक्के.* ‘महिना फक्त तीन टक्के’ ऐकायला बेताचे वाटतात. व्याजावर व्याज धरलं तर ते वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात. ‘महिना पाच’ म्हणणाऱ्याकडे एक लाख ठेवून दहा वर्षं व्याज न काढता राहू दिलं, तर कागदावर साडेतीन कोटींच्या जवळ जातात. ज्याला खरंच एवढं कमावता येतं, त्याने तुमच्या लाखासाठी दारोदार फिरावं कशाला? त्याने स्वतःचं घर गहाण टाकून बँकेकडूनच कर्ज घेतलं असतं. नोंदणी नसलेल्या अशा ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेला परवानगी आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तपासता येतं. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं विमासंरक्षण नसतं. बँकेतही ते एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. मोठी रक्कम एकाच छोट्या सहकारी बँकेत ठेवलेली असेल तर ती विभागून ठेवा.

*‘विमा पण, बचत पण’.* हा प्रकार बेकायदा नाही. म्हणूनच याची आकडेमोड स्वतः करायला शिका. शेजारचे एक काका मागे त्यांच्या सुनेसाठी घ्यायच्या पॉलिसीचा कागद घेऊन आले होते. वर्षाला ५०,००० रुपये, वीस वर्षं, शेवटी १८ लाख.

“अगं, दहा लाख भरायचे आणि अठरा घ्यायचे. जवळजवळ दुप्पट!” काका म्हणाले.

आम्ही जेवणाच्या टेबलावरच कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, दुसरा एकोणीस, असं करत हिशोब लावला तर परतावा वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या थोडा वर निघाला. तेच ५०,००० दर एप्रिलमध्ये पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा ७.१ टक्क्यांचा दर टिकला, तर वीस वर्षांनी २२ लाखांच्या वर जातात. काका बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले. मग विचारलं, “आणि मधे कोणाला काही झालं तर?” अगदी योग्य प्रश्न होता. त्याचं उत्तर साधी टर्म पॉलिसी, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूचं संरक्षण देणारा विमा. तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो, पण त्याच पैशात संरक्षण कितीतरी पट मोठं मिळतं.

पॉलिसी घेऊन झाली असेल आणि आत्ताच हातात पडली असेल, तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. जुनी असेल तर रागाच्या भरात सरेंडर करू नका. आजची सरेंडर किंमत, ‘पेड-अप’ केल्यावर (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यावर) शेवटी मिळणारी रक्कम आणि राहिलेले हप्ते, हे तिन्ही लेखी मागवा आणि मग ठरवा. सात-आठ हप्तेच राहिलेली पॉलिसी पुष्कळदा चालू ठेवणं बरं पडतं.

*डायरीवरचा प्लॉट.* हे खास इंदूरचं. उज्जैन रोड, धार रोड, सुपर कॉरिडॉर, बायपासच्या पलीकडे. ‘अजून रेरा नंबर आला नाही, म्हणून तर भाव कमी आहे. आला की दीडपट होईल.’ पैसे रोख, आणि पुरावा काय, तर दलालाच्या डायरीतली नोंद नाहीतर साधी पावती. ना करारनामा, ना रजिस्ट्री. रेरा म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा. प्रकल्पाची रेरा नोंदणी होण्याआधी बुकिंग घेणंच कायद्याला धरून नाही, आणि नोंदणी असली तरी करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम आगाऊ घेता येत नाही. रेरा नंबर, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची मंजुरी आणि जमिनीचं डायव्हर्शन (शेतजमीन दुसऱ्या वापरासाठी बदलल्याचा कागद), हे तिन्ही कागद स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सगळं चोख असलं तरी एक गोष्ट उरतेच: बासष्टाव्या वर्षी ऑपरेशनला पैसे लागले तर प्लॉटचा कोपरा तोडून विकता येत नाही. निवृत्तीची अर्ध्याहून जास्त पुंजी जमिनीत असू नये.

५. सल्ला घ्यायचा असेल तर माणूस तपासून घ्या

सल्ल्याची फी घेणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः टाइप करून शोधा. समोरच्याने पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर जाऊ नका, फोटो कोणाचाही असू शकतो. सल्लागार फी रोखीने घेऊ शकत नाही आणि परताव्याची हमी देऊ शकत नाही. ‘हमी’ हा शब्द तोंडातून आला की बोलणं तिथेच संपवा.

म्युच्युअल फंड विकणारा वितरक आणि फी घेणारा सल्लागार हे वेगळे. वितरकाला कमिशन फंडाकडून मिळतं, म्हणून ‘रेग्युलर’ (वितरकामार्फत घेतलेल्या) योजनेचा खर्च ‘डायरेक्ट’ (थेट फंडाकडून घेतलेल्या) योजनेपेक्षा जास्त असतो. हा फरक एक टक्क्याचा धरला तर महिना १०,००० च्या एसआयपीत वीस वर्षांनी १२ टक्क्यांऐवजी ११ टक्के मिळाल्यासारखं होतं, म्हणजे सुमारे १ कोटीऐवजी ८७ लाख. तरीही सगळ्यांनी डायरेक्टच घ्यावं असं मी म्हणणार नाही. बाजार पडल्यावर तुमचा हात धरून ‘विकू नका’ म्हणणारा प्रामाणिक वितरक असेल, तर तो ती रक्कम वसूल करून देतो. फक्त आपण काय मोजतोय हे माहीत असू द्या.

६. पाया आधी, वाढ नंतर

सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा एफडीत वेगळा ठेवा. स्वतःचा आरोग्य विमा नोकरीत असतानाच घ्या. कंपनीचा विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो आणि साठीनंतर बीपी-शुगरसकट नवीन पॉलिसी मिळणं अवघड होतं. घरात सत्तरीच्या पुढची मंडळी असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता त्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यांचं कार्ड काढून घ्या.

क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर ते आधी फेडा. कोणतीही सुरक्षित गुंतवणूक तेवढं व्याज देत नाही.

मग पीपीएफ. वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात, मुदत पंधरा वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एकरकमी भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा, कारण महिन्याचं व्याज ५ तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) कमी खर्चात चालतं आणि चांगलं आहे, पण निघताना काही भागाची अॅन्युइटी (विमा कंपनीला रक्कम देऊन मिळणारी नियमित पेन्शन) घ्यावी लागते. किती, याचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा आत शिरताना ताजा नियम वाचा. घरकाम करणाऱ्या बाईंना किंवा दुकानातल्या मुलाला अटल पेन्शन सांगा: वय १८ ते ४०, आयकर भरणारे नसावेत, साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपयांची निश्चित पेन्शन.

७. एसआयपी सुरू करा, आणि पडझड गृहीत धरा

एक किंवा दोन साधे इंडेक्स फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारे फंड) पुरेत. दहा-दहा फंड घेऊन काही वेगळं हाती लागत नाही, फक्त स्टेटमेंट लांबतं.

दर वर्षी १२ टक्के मिळतात, असं मनात धरू नका. दीर्घ काळाची सरासरी आणि एखाद्या वर्षाचा अनुभव यांत फार अंतर असतं. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये तो ८,००० च्या घरात आला. परत २१,००० दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली. २०२० च्या जानेवारीत ४२,००० ला टेकलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्याही खाली बंद झाला. त्या दिवसांत ज्यांनी एसआयपी चालू ठेवली त्यांना स्वस्तात युनिट मिळाले. ज्यांनी घाबरून विकलं, त्यांचा कागदावरचा तोटा खरा झाला. पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवू नये, तो याचसाठी.

एसआयपीची तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा, आणि फॉर्म भरतानाच दर वर्षी १० टक्के वाढीचा पर्याय निवडा. नंतर करू म्हटलेलं होत नाही.

८. निवृत्तीला पाच वर्षं राहिली की

इथून पुढे पुंजी वाढवण्यापेक्षा ती टिकवणं जास्त गरजेचं. शेअरमधला हिस्सा दर वर्षी थोडा-थोडा उतरवत सुरक्षित ठेवींत आणा. सगळा मात्र आणू नका, कारण साठीनंतरही वीस-पंचवीस वर्षं महागाईशी गाठ आहे.

पैसे हातात पडल्यावर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना उघडा. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला. २०२५-२६ मधल्या ८.२ टक्के दराने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये मिळतात, म्हणजे महिना २०,५०० पडले. पोस्टाच्या मासिक योजनेत एकट्याला ९ लाख, संयुक्त खात्यात १५ लाख ठेवता येतात. ७.४ टक्क्यांनी १५ लाखांवर महिना ९,२५० होतात. जीपीओत जाताना पॅन-आधारच्या प्रती, दोन फोटो, चेकबुक आणि निवृत्तीचं पत्र न्या. पंचावन्न ते साठच्या दरम्यान निवृत्त झाला असाल तर ते पत्र लागतंच, आणि निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं.

पैसे खात्यात जमा झाल्याचं बँकेत लगेच समजतं. त्याच आठवड्यात ‘रिलेशनशिप मॅनेजर’चा फोन येतो आणि एफडीऐवजी काहीतरी ‘जास्त चांगलं’ सुचवलं जातं. बँकेच्या काउंटरवर विकलेली प्रत्येक गोष्ट बँकेची ठेव नसते. “ही एफडी आहे की विमा?” एवढंच विचारा आणि उत्तर लेखी मागा.

९. फसवणूक झालीच तर

लाजू नका आणि वेळ घालवू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पहिल्या काही तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवस घरात चर्चा करत बसलात तर ती उरत नाही. नोंदणीकृत दलाल किंवा सल्लागाराबद्दल तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर करायची. विम्याची तक्रार आधी कंपनीकडे लेखी, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर बीमा लोकपालांकडे. मध्य प्रदेशसाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे आणि तक्रारीला फी किंवा वकील लागत नाही. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणून नंतर फोन करणारे बहुधा त्याच टोळीचे असतात. त्यांना उत्तर देऊ नका.

१०. नॉमिनी, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला माहिती

पीएफ, बँक, फंड, विमा, पोस्ट, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी आहे का ते पाहा. पीएफचं ई-नॉमिनेशन ऑनलाइन होतं, आधार आणि फोटो लागतो. लग्नाआधी आईचं नाव घातलेलं असेल तर ते बदला. नॉमिनी आणि वारस एकच असतात असं नाही, म्हणून थोडीफार मालमत्ता असेल तर साधं मृत्युपत्र करून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

मग ती पहिल्या टप्प्यातली फाइल नवरा-बायकोने शेजारी बसून एकदा पूर्ण उलगडा. कुठलं खातं कुठे, कोणाचा फोन नंबर, कुठल्या तारखेला काय येतं आणि काय जातं. ओटीपी येणारा मोबाइल नंबर दोघांपैकी कोणाचा आहे, आणि तो बंद पडला तर काय करायचं, हेही त्याच बैठकीत फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.